गाडीतली दुसरी बॅटरी

मंगळवारी सकाळी सातला हसनाबादला आमच्या दारात गाडी उभी, म्हातारा आत बसलेला, अन् गाडी चालूच होईना. सुदाम बटण दाबून राह्यला अन् आतून नुसतं टक टक टक...

म्हातारा म्हणजे माझा नवरा, अन् सुदाम आमचा पोरगा. म्हाताऱ्याच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिसला न्यावं लागतं. शुक्रवारी त्यानं नागा केला, मैतराच्या मातीला जायचं म्हणून हटून बसला... गेलेल्या मैतराला कळणार होतं जसं काही.

मंगळवार उजाडेपर्यंत त्याचे पाय फुगून टम्म झाल्ते. रात्रभर आडवं पडता आलं न्हाई, बसूनच काढली. एक शब्द बोलायचा अन् दोनदा दम घ्यायचा.

नऊची पाळी, अन् वाट तासाभराची.

आता गाडीचं सांगते. सुदामनं ती जुनीच आणली, पण थाटाची. सिग्नलला थांबली की आपोआप बंद होती, ब्रेक सोडला की आपोआप चालू... अन् त्या कामाला म्हणे मोठ्या बॅटरीसंगं एक छोटी बॅटरी वेगळी. मी त्याला तव्हाच म्हणलं होतं, हसनाबादला सिग्नल कुठंय रे बाबा.

शनिवारी कपाशीवर मावा पडला अन् फवारणीच्या पंपाची बॅटरी मेली. सुदामला मी दोनदा सांगितलं, नवी आण. तो फोनात तोंड घालून "आणतो, आणतो."

मंग मीच बॉनेट उघडलं. पंपाच्या बॅटऱ्या मी कैकदा बदलल्यात, दोन तर वायरी असत्यात. गाडीतली छोटी काढून पंपाला लावली, अन् पंपाची मेलेली गाडीत ठेवली... जागा रिकामी दिसली असती तर सुदामनं बोंब मारली असती. वायरी बी लावून दिल्या, लोंबत्या कशाला ठेवायच्या.

फवारणी झाली. गाडी तशीच दारात उभी राह्यली. मी विसरूनसुद्धा गेल्ते.

तर मंगळवारी सुदामनं जालन्याच्या मिस्त्रीला फोन लावला, स्पीकरवर. रफिकभाई त्याचं नाव. त्यानं पहिलंच विचारलं, "बॅटरीला कोणी हात लावला का?"

"न्हाई भाई. महिन्यात बॉनेटच उघडलं न्हाई."

मी दाराची चौकट धरून उभी होते. तव्हाच बोलायला पाहिजे होतं... न्हाई बोलले. वाटलं, छोट्या बॅटरीनं एवढी मोठी गाडी थोडीच अडती, दुसरंच काही असंल.

ट्रॅक्टर आणला, त्याच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. परत टक टक. रफिकभाई म्हणला, "मंग मोठीच बसली वाटतं. गाडीचा नाद सोडा, दुसरं काही बघा."

ॲम्ब्युलन्स तासाभरानं येणार होती. शेजाऱ्याची जीप जाफराबादला गेल्ती. एस.टी.त त्याला चढवणार कसं, अन् उभ्या गर्दीत बसवणार कुठं?

म्हाताऱ्यानं खिडकीतून हात हलवला. "राहू दे..." दम घेतला. "शुक्रवारी... जाऊ."

शुक्रवार. त्याच्या ओठाकडं बघितलं तर निळसर दिसले मला. हा माणूस शुक्रवार बघत न्हाई, हे मला जेवढं कळलं तेवढं त्याला न्हाई.

मी सुदामच्या हातातून फोन घेतला. "भाई, छोटीवाली मी काढली. तिथं फवारणी पंपाची मेलेली बसवलीय."

सुदाम म्हणला, "आई...?"

रफिकभाईनं विचारलं, "मावशी, मेलेलीला वायरी लावल्या का?"

"लावल्या. लालला लाल, बराबर लावल्या."

"मंग तीच मोठीचा सगळा करंट पिऊन राह्यली. ट्रॅक्टरचा बी पिली. आधी काळी वायर काढा, मंग लाल. दोन्ही तोंडांना चिकटपट्टी गुंडाळा, कुठं टेकू देऊ नका. ट्रॅक्टर दहा मिनिटं चालू ठेवा अन् मंग बटण दाबा."

सुदाम पुढं झाला. म्हणलं, सर तिकडं, मी लावल्या अन् मीच काढणार. पाना दोनदा खाली पडला... पण निघाल्या वायरी.

मंग ती दहा मिनिटं. ट्रॅक्टर धडधडतोय, अन् मी गाडीच्या दाराशी उभी राहून म्हाताऱ्याचा दम ऐकतेय. घड्याळाकडं बघायची हिंमत झाली न्हाई.

बटण दाबलं... चालू झाली. समोर एक पिवळी लाईट पेटली. रफिकभाई म्हणला, "पेटू द्या. सिग्नलचं काम बंद राहील, बाकी गाडी चालंल. वाटेत इंजिन मात्र बंद करू नका जालन्याला पोहोचेपर्यंत."

सव्वानऊला पोहोचलो. सिस्टरनं आम्हाला फाडून खाल्लं अन् त्याला मशीनवर घेतलं. दुपारी बाहेर आला तव्हा दम न लागता पूर्ण वाक्य बोलला, "चहा गोड कर जरा." म्हणलं, साखर तुला न्हाई.

परत येताना सुदाम मला म्हणला, "पंपाला बॅटरी मागायची होतीस ना." म्हणलं, मागितली होती, दोनदा.

बॅटरी काढली त्याचं मला काही वाटत न्हाई, कपाशी खाऊन टाकली असती माव्यानं. पण मिस्त्रीनं विचारलं तव्हा मी तोंड उघडलं न्हाई, अन् तेवढा वेळ तो माणूस गाडीत बसून हवेला तरसत होता... पोरापुढं माझं नाक खाली होऊ नये म्हणून. हे मात्र कुठं ठेवावं कळंना.

रफिकभाई, मी असं का केलं म्हणून तुम्ही विचारलं न्हाई. वायरी लावल्या का, एवढंच विचारलं. त्याच्यानं म्हातारा आज ओसरीवर बसून माझ्यावर खेकसून राह्यलाय... खेकसू द्या.