किटलीतली चिलापी

आमच्या प्लांटवर दोन गोष्टी रोज साचतेत. गाळ अन् किस्से. गाळ उपसायला मशीन हाय, किस्से उपसायला मी.

गावाचं सांडपाणी साफ करायचा हा प्लांट माझा मामा चालवतो. साफ पाणी सोडायचं खालच्या तळ्यात. तिथं मासे धरतेत रऊफ चाचा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "एक मछली मरी, तो गेट को ताला." म्हणजे मामाची नोकरी गेली. अन् अशा नाजूक जागी आईनं मला आणून सोडलं, कारण दहावीत दोनदा आपटलो. "घाणीत राहून तरी सुधरंल," म्हणली.

*

प्लांट सुरू करायला आधी शेण लागतं. टाकीतले जंतू घाण खातेत, अन् ते जंतू शेणातून येतेत. मामा बादली घेऊन गोठे फिरला. शेजारची काकू म्हणली, "अख्ख्या गावाची घाण तुझ्याकडं, तरी बी शेण कमी पडू ऱ्हायलं?"

मग जंतूंना ताकद यावी म्हणून गूळ. घरी चहात साखर चिमूटभर, इथं ढेपच्या ढेप.

मामी म्हणली, "देवा, पुढच्या जन्मी मला जंतू कर."

*

एकदा मी टाकीत कपड्याची पावडर टाकली. अख्खं पाकीट. जंतूंसाठी खालून हवा सोडलेली, ती चालूच. फेस भिंत ओलांडून रस्त्यावर! पोरं सेल्फी काढायला, अन् एक जोडपं तर लग्नाआधीचे फोटो काढायला आलं.

मामानं मारलं नाय. एवढंच विचारलं, "जंतू मेले तर उद्यापासून गावाची घाण तू खाणार का?"

आठ दिवस गूळ मीच कालवला.

*

शहरात ट्रेनिंग होती. मॅडम कोकणातल्या. दर स्लाइडला समुद्र. "किनारा जपा, किनारा जपा."

मामानं हात वर केला. "मॅडम, आमच्याकडं समुद्र नाय."

मॅडमनी नकाशावर बोट फिरवलं. तळं, शिवना नदी, गोदावरी, अन् पार आंध्राचा किनारा.

घरी आल्यावर मामा जेवताना म्हणला, "इतक्या लांब आपलं खरकटं जाणार व्हय? त्या माणसांनी आपलं काय वाकडं केलं?"

दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याची जाळी दोनदा साफ. करणार कोण? मीच.

*

गेटवर मामानं काचेची पेटी ठेवली. आत साफ केलेलं पाणी अन् एक चिलापी. येणाऱ्याला दाखवायचं, बघा, मासा जगतो.

मी त्याला चिवडा चारला. मेला. मामा यायच्या आत तळ्यातून तसाच दुसरा आणून सोडला.

मामा म्हणला, "आज लई फ्रेश दिसतो गडी."

*

शेवटी तळ्यात पाणी सोडायचा पाइप पहिल्यांदा उघडायचा दिवस आला. चाचा म्हणले, "पेटीतल्या माशाचं मला सांगू नका. मेरी मछली, मेरे सामने."

ठरलं. चाचाचा मासा आमच्या साफ पाण्याच्या हौदात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जगला तर पाइप उघडायचा. मेला तर कुलूप.

चाचांनी चिलापी आणली अन् तिच्या शेपटीला लाल धागा बांधला. बांधताना माझ्याकडं बघत होते.

मी बी तयारीत. दुधाच्या किटलीत तळ्यातली तेवढीच चिलापी धरून ठेवली होती. दुपारी घरी पळालो, मामीच्या शिवणाच्या डब्यातून लाल धागा आणला. मग संध्याकाळपर्यंत किटली मांडीवर.

मामा हौदाच्या कठड्यावर, डोळे पाण्यात. मामीचा डबा उघडला बी नाय.

उन्हं उतरली. चाचांनी जाळं घातलं. मासा असा उसळला की मामाचा शर्ट भिजला. शेपटीला लाल धागा तसाच.

चाचांनी ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, मासा परत हौदातच सोडला.

"खोल दे पाइप," मामाला म्हणले.

मामा तिथंच खाली बसला. डबा ओढला अन् गार भाकरी खायला लागला.

मी हळूच किटली उचलली अन् निघालो.

"ए पोट्टे," चाचा वळून न बघता म्हणले, "वो किटलीवाली को भी छोड दे. दम घुटरा होगा उसका."