फाट्यावरचा घोडा

भज्यांचा वास आला की मला देवगाव फाटा आठवतो. सेलूला बुद्धिबळ खेळायला जाताना मी आणि ताई तिथं गाडीची वाट पाहत होतो. जिंकले तर पुढं परभणीला खेळायला मिळणार होतं. “लय घाबरायलीस,” म्हणत ताईनं धुळीत पट आखला. “घोडा फाट्यावर उभा कर. सेलूची गाडी येऊ दे न्हाईतर जिंतूरची, दोन्ही सापडतेत.” दुपारी डाव हातचा जायला लागला, तेवढ्यात तो फाटा मला पटावर दिसला. एकाच घोड्यानं राजाला शह आणि वजिरावर नेम! राजा पळाला, वजीर मिळाला, परभणी पक्की झाली. आता मी मुलींना शिकवते. काल एक चिमुरडी घोडा आपटून ओरडली, “बाई, फाटा!”