खाटेच्या पायथ्याशी

मी रोग्याची नाडी धरली आणि मोठ्या डॉक्टरांनी हात धुवायला लावला. माझा नव्हे. रोग्याचा.

लोणावळ्याच्या इस्पितळातला तो माझा पहिला दिवस. सकाळची फेरी चालली होती. पुढं मोठे डॉक्टर, मागं आम्ही दोघं शिकाऊ. एक मी, दुसरा पुण्याचा केशव. खाटेवर रेल्वेच्या कामावरचा एक माणूस तापानं फणफणला होता. डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली. केशवनं पाहिली. मग मी पुढं झालो आणि तीन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली. ठोके मोजायला लागलो तोच डॉक्टर म्हणाले, "सखाराम, पाणी."

सखाराम हा वॉर्डातला नोकर. तपासणी झाली की डॉक्टरांच्या हातांसाठी तो तसराळ्यात औषधाचं पाणी घेऊन यायचा. मी आपले दोन्ही हात पुढं केले. "त्यांचे नको. पेशंटचा धू," डॉक्टर म्हणाले. सखाराम मला वळसा घालून गेला. त्या माणसाचं मनगट त्यानं तसराळ्यात बुडवलं, चोळलं, फडक्यानं पुसलं. तो माणूस आधी गोंधळला. मग त्याला समजलं. त्यानं हात घोंगडीत ओढून घेतला. शेजारच्या चार खाटांवरच्यांनीही आपापले हात आत घेतले.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "राग मानू नका. मला स्वतःला काही वाटत नाही. पण लोक इथं यायचे बंद होतील. तुम्ही पायथ्याशी उभे राहून पाहत चला. पाहण्यानंही पुष्कळ शिकता येतं."

मी म्हणालो, "होय, डॉक्टरसाहेब."

माझे हात अजून तसेच पुढं होते. ते कुठं ठेवावेत हे मला कळेना.

आम्ही महार. कान्ह्याच्या अलीकडं आमची वस्ती. आजूबाजूच्या गावांत कुणी डॉक्टर राहायला तयार नसायचा. पवन मावळातून माणसं बाजेवर घालून रोगी खाली आणायची आणि निम्म्या वाटेवरून कधीकधी बाज तशीच माघारी फिरायची. तेव्हा सरकारनं एक योजना काढली. गरीब घरच्या पोराला विद्यावेतन द्यायचं, त्यानं पुण्यात डॉक्टरकी शिकायची, शेवटी काही महिने इस्पितळात राहून रोग्यांवर हात बसवायचा आणि मग खेड्यात दवाखाना चालवायचा. कान्ह्याचा दवाखाना माझ्यासाठी ठरलेला होता. ज्या इस्पितळात शिकाऊ राही, त्याला सरकार त्याच्यापोटी अनुदान देई. म्हणजे मी त्यांना नको होतो, पण माझ्यावरचं अनुदान चालत होतं. त्याला कुणी पाण्यात बुडवत नव्हतं.

मग मी पायथ्याशी उभा राहिलो. पावसाळा गेला, थंडी आली, मी पायथ्याशीच. केशव पोट दाबायचा, छाती ठोकायचा, जखमा शिवायचा. बाळंतपणाला आत जायचा. मी दाराबाहेर. रोग्यांचे तळपाय मात्र मला चांगले पाठ झाले. केशव वाईट नव्हता. थट्टेनं म्हणायचा, "तुझी चंगळ आहे बुवा! ना रक्त, ना वास." मी हसायचो. न हसून करतो काय? भांडलो आणि डॉक्टरांनी घालवून दिलं, तर विद्यावेतन बंद, दवाखाना बंद. ही भीती मला जेवतानाही सोडत नव्हती.

एक काम मात्र डॉक्टरांनी मोठ्या मनानं माझ्याकडं दिलं. मुडदेखान्याचं. घाटात गाडीखाली सापडलेले, बेवारशी मेलेले, सगळे माझ्याकडं. तिथं माझ्या हातांना कुणाची हरकत नव्हती आणि मागाहून कुणी त्यांचं मनगट धुवत नव्हतं. माझा बाप गावातली मेलेली ढोरं ओढायचा. त्यानं मला शाळेत घातलं ते त्यातून सुटावं म्हणून. मी इंग्रजी शिकलो, लॅटिन नावं पाठ केली, पांढरा कोट घातला आणि मेलेलंच ओढायला लागलो.

त्यामुळं माझी एक अवस्था झाली. ती सांगायला आजही लाज वाटते, पण सांगतो. माणसाचं काळीज, यकृत, पाणथरी मी थंडगार ओळखत होतो. ऊन अंगाचं मला काही कळत नव्हतं. खोलीत बसून मी स्वतःचीच छाती ठोकायचो, स्वतःचंच पोट दाबायचो, स्वतःचीच नाडी मोजायचो. साऱ्या मावळात जिवंत रोगी असा मला एकच ठाऊक होता, तो मी. आणि त्याला भीतीखेरीज दुसरा काही आजार नव्हता.

एका रविवारी घरी गेलो. आईनं वस्तीभर सांगून ठेवलेलं. शेजारचा धोंडू त्याच्या तान्ह्या लेकीला घेऊन बसला होता. पोरीचं पोट फुगलं होतं. आईनं ती माझ्या मांडीवर दिली. "बघ रं लेका. आता कुनाच्या दारात जायाचं काम न्हाई. आपला दागदर हाय."

मी पोटावर हात ठेवला. पोर वळवळली, रडली. हाताखाली काहीतरी टणक लागलं. ती सुजलेली पाणथरी होती, आतडं होतं की रडण्यानं ताठलेलं पोट, मला समजेना. आमच्याकडं येणारे मुडदे रडत नसत.

"लोणावळ्याला न्या," मी म्हणालो.

"आरं, तितनंच तर तू आलास," धोंडू म्हणाला. "मग तू कशापायी शिकलास?"

तो चिडून बोलला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. त्यानं पोरीला फडक्यात गुंडाळलं आणि स्टेशनची वाट धरली. पोर वाचली. केशवनं तिला तपासलं. मी पायथ्याशी होतो.

त्यानंतर मला झोप लागेनाशी झाली. कान्ह्याचा दवाखाना डोळ्यांपुढं यायचा. दारात बाज टेकलेली, बाजेवर अडलेली बाई, आणि मी. माझ्यामागं केशव नाही, डॉक्टर नाहीत. माणसं म्हणतायत, आता भ्यायचं कारण नाही, आपला डॉक्टर आहे. आणि सगळ्यांत जास्त भ्यालेला मीच.

मुदत संपत आली तसं डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. तपासलेल्या रोग्यांची वही प्रत्येक शिकाऊला भरावी लागे. माझी वही त्यांच्यापुढं होती. मी पाहिलेलं सगळं त्यांनी मी केलेलं म्हणून त्यात स्वतः लिहिलं होतं. बाळंतपणं, शिवलेल्या जखमा, छातीतून काढलेलं पाणी. सगळ्याखाली त्यांची सही. ज्या दाराच्या आत मी कधी गेलो नव्हतो, तिथली बाळंतपणंसुद्धा.

"झालं तुमचं," ते हसून म्हणाले. "आता खुशाल जा. तुमच्या लोकांत तुम्हाला कोण अडवणार?"

खरं सांगतो, मला आनंद झाला. सुटलो म्हणून वही छातीशी धरून मी बाहेर आलो. मग त्यांचं शेवटचं वाक्य मागून आल्यासारखं कानात शिरलं. तुमच्या लोकांत. म्हणजे माझ्या आईच्या अंगावर, धोंडूच्या पोरीवर मी आंधळेपणानं हात चालवला तर चालणार होतं. इथल्यांना माझा हात नको, कारण तो महाराचा. तिथं माझ्या हाताला काही येत नसलं तरी बिघडत नव्हतं, कारण तीही महारंच. मी वॉर्डात गेलो.

दारालगतच्या खाटेवर नवलाख उंबरे गावचे एक आबा होते. खातेपीते शेतकरी. धाप लागल्यानं उशांना टेकून बसवलेले. केशव त्यांची छाती तपासून नुकताच पुढं गेला होता. मी पायथ्यापासून निघालो आणि उशाशी जाऊन उभा राहिलो. एवढीशी वाट, पण मला वाटलं वाटेत पडणार.

"आबा, तुमची छाती बघू का?"

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "कुनाचा रं तू?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "कान्ह्याचा. महाराचा."

धापेचा तेवढा आवाज. मोठे डॉक्टर दारात येऊन उभे राहिलेले मला दिसले.

आबा हळूच म्हणाले, "लाव हात. लय जीव घाबरा व्हतुया. पर आमच्या घरी बोलू नगंस."

"कुणी विचारलं तर सांगेन, आबा."

आबांनी डोळे मिटून सदऱ्याचे बंद सोडले.

त्यांना जरा पुढं वाकवून मी डाव्या हाताचं बोट त्यांच्या पाठीवर ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं ठोकलं. वर पोकळ आवाज आला, भरत आलेल्या माठाच्या रित्या गळ्यासारखा. खाली सरकलो. पोकळ. आणखी खाली. एकदम बद्द. पुन्हा ठोकून पाहिलं. बद्दच. इथं पाणी साचलं होतं, आणि ते मला माझ्या बोटानं सांगितलं होतं, वहीनं नाही. अंग ऊन होतं. श्वासाबरोबर माझा हात वर-खाली होत होता.

"सखाराम," डॉक्टर दारातून म्हणाले.

सखाराम तसराळं घेऊन आला. सवयीनं आबांच्या पाठीकडं वळला. मी मधे उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढं केले. पहिल्या दिवशी केले होते तसेच.

"पाणी हितं घाल. डॉक्टरचे हात धुत्यात, रोग्याची पाठ न्हाई."

माझ्या तोंडून गावची बोली आली. सखाराम एकदा माझ्याकडं, एकदा डॉक्टरांकडं पाहत राहिला. आबांनी डोळे उघडले नाहीत. पण पाठही त्यांनी पुढं केली नाही.

"मला ती सही रद्द करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. आवाज अजून सौम्यच होता. "मग विद्यावेतनही नाही आणि दवाखानाही नाही. विचार करा."

आईचा चेहरा समोर आला. खाटेवर ठेवलेली वही उचलून मी त्यांच्या हातात दिली.

"करा रद्द. जे मी केलं नाही ते सगळं खोडा. आज एक छाती तपासली, तेवढी ठेवा. सरकार तुम्हाला अनुदान देतं ते माझ्या हाताला शिकवायचं. मी इथून सही घेऊन जाणार नाही. शिकून जाईन. घालवायचं असेल तर घालवा, पण कागदावर कारण लिहून घालवा. तो कागद मी सरकारच्या वैद्यकीय बोर्डात नेईन, आणि तिथंही मोठ्यानं वाचीन."

हे मी धीटपणानं बोललो असं कुणी समजू नये. माझे दात वाजत होते. सखारामनं पाणी घातलं नाही, तेव्हा तसराळं मी त्याच्या हातातून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि आपले हात आपणच धुतले. निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. हात कोटाला पुसून मी पुढच्या खाटेकडं वळलो, आणि तिथंही पायथ्याशी थांबलो नाही.