पाचची एसटी गेली की मी दारात

महिना होत आला. सांगलीच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, शाळेत मुलांच्या वह्या तपासत होते. आत्या गेली... मी उरलेल्या चार वह्या तपासल्या आणि मग उठले. कुणाला हे विचित्र वाटेल, आत्याला वाटलं नसतं. हातातलं काम संपवून मग पोटभर रडायचं, ही तिचीच रीत.

मी सहा वर्षांची असताना आई-बाबा फलटणच्या रस्त्यावर अपघातात गेले आणि बाबांच्या या थोरल्या बहिणीनं मला तासगावला आणलं. मी बोलणंच टाकलं होतं. येणारी-जाणारी बाई ‘बिचारी’ म्हणत डोक्यावरून हात फिरवायची, मला त्या हातांचा संताप यायचा. आत्यानं तसं कधी केलं नाही. ती बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची. निघताना माझ्यासमोर बसून सांगायची, "पाचची एसटी गेली की मी दारात." आणि रोज यायची. तरी मी दिवसभर उंबरा सोडत नसे. बाहेर गेलेलं माणूस परत येतं, यावर माझा विश्वासच उरला नव्हता.

एकदा अवकाळी पाऊस आला. शेडवर वाळत घातलेली द्राक्षं ताडपत्रीनं झाकता झाकता बायकांना उशीर झाला. पाचची एसटी गेली, सहाचीही गेली. चिंब भिजलेली आत्या दिसताच मी तिच्या अंगावर चप्पल फेकली आणि ओरडले, "लय उशीर केलास!" चार महिन्यांतलं माझं पहिलं वाक्य. शेजारच्या काकू मला रागवायला धावल्या.

"ऱ्हाऊ द्या वो, भांडू द्या तिला," आत्या म्हणाली आणि ओल्या लुगड्यानिशी माझ्यासमोर बसली. "चुकलं माझं. पाचला येते म्हनले आन् आले न्हाई. लय भ्यालीस, व्हय? फुडच्या बारीला निरोप धाडीन."

एवढ्याशा पोरीची माफी मागते म्हणून गल्ली हसली. हसू दे. चुकलेलं माणूसही परत येतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. त्यावर मी आजवर उभी आहे.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, घरी कधी येणार? तिनं मान हलवली. "आता येळ सांगत न्हाई. खोटी पडंल."

परवा माझ्या पाच वर्षांच्या सईनं तोच प्रश्न विचारला. "बरी झाली की येईल हं," सासूबाई घाईनं म्हणाल्या. मी सईसमोर बसले. "नाही येणार, बाळा. ती वारली." ती खूप रडली, मीही रडले. मग नाक पुसत तिनं विचारलं, "आणि तू शाळेतून कधी येणार?"

"साडेपाचला."

त्या दिवशी मुख्याध्यापकांनी बैठक लांबवली. मी पर्स उचलून उभी राहिले. "सर, मी घरी वेळ दिलीय," म्हणाले आणि निघाले.