सुताराकडं गेलेलं दार

वसंतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चितेगावच्या रस्त्यावर एका नवराबायकोला भाड्याचा फ्लॅट दाखवत होते. 'बरं' म्हणून फोन ठेवला, त्यांना ओटा दाखवला, नळ सोडून दाखवला, कुलूप लावलं आणि मग निघाले. सख्ख्या मामाची बातमी होती ती... पण डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि यावं म्हणून मी खटपटही केली नाही. आता महिना उलटून गेलाय. भेटेल तो म्हणतो, "मोठा माणूस गेला. तुला या धंद्यात त्यांनीच आणलं ना?" आणलं, त्यानंच आणलं. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायची रीत असते. मला ते जमणार नाही, म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर शहरातली बरीच घरमालक मंडळी हैदराबादला गेली, काही त्याहून लांब. घरं मात्र इथंच राहिली. ती राखायची, भाडेकरू ठेवायचे, डागडुजी करायची, हे काम माझ्या आजोबांनी धरलं आणि मामानं वाढवलं. गुलमंडीपासून छावणीपर्यंत त्याला सगळे 'कारभारी' म्हणत. माझे वडील गेले तेव्हा मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. मामानं त्याच्या ताब्यातल्या एका घरात आम्हा मायलेकींना दोन खोल्या दिल्या आणि मला हाताखाली घेतलं. आई त्याची थोरली बहीण, तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. त्या खोल्यांत राहायला गेल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे वडिलांच्या नावाची जुनी पाटी दारावर ठोकली. दार सागवानी होतं, जड होतं, आणि उघडताना असं करकरायचं की कोण आलं ते आई आतूनच ओळखायची.

मामा मला घरोघर हिंडवायचा. "घरात शिरलं की आधी दार बघायचं," हा त्याचा पहिला धडा. मला वाटायचं, लाकूड, बिजागऱ्या, वाळवी, कुलूप हे बघायचं असेल. तेही तो बघायचाच. खरा धडा काही महिन्यांनी कळला. एखादं घर मालकाला रिकामं हवं असलं आणि भाडेकरू हलत नसला, तर मामा कोर्टाची पायरी चढत नसे. "शिवी द्यायची नाय, हात लावायचा नाय," तो मला समजावून सांगायचा. "दाराला वाळवी लागलीय म्हणायचं अन् दुरुस्तीला न्यायचं. कायदा भाडेकरूला काढू नको म्हणतो. दार दुरुस्त करू नको, असं कुठं म्हणतो?" उत्तम नावाचा सुतार यायचा, दार उतरवायचा, हातगाडीवर घालायचा. ते दार काही परत यायचं नाही. विचारलं की एकच उत्तर, "सुताराकडं आहे." थोड्याच दिवसांत घर रिकामं व्हायचं. हे सांगताना मामा हसायचा. ते हसू मला अजून सहन होत नाही.

दसऱ्यानंतर त्यानं मला उत्तमबरोबर छावणीत पाठवलं. तिथं एका खोलीत मुमताज खाला शिवणकाम करायची, घरात लग्नाची मुलगी. आम्हाला बघताच ती काय ते समजली. तरी तिनं चहा टाकला. माझ्या हातात कप देत म्हणाली, "बेटी, दरवाजा मरम्मत को लेके गए सो लोगां वापस नै लाते. मेरे घर में जवान लडकी है." ती दाराला पाठ लावून उभी राहिली. मी कप खाली ठेवला आणि उत्तमला म्हणाले, "हत्यारं पिशवीत घाला. हे दार चांगलं आहे." मामाला जाऊन तेच सांगितलं. तो चिडला नाही, ओरडला नाही. "बरं," म्हणाला फक्त.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी घरी आले तर आमच्या घराला दार नव्हतं. नुसती चौकट, आणि आत आई गहू निवडत बसलेली, खुशीत. "वसंतानं दार दुरुस्तीला नेलं बघ. मी न सांगता त्याच्या ध्यानात आलं." तिनं उत्तमला पोहे करून घातले होते, चहा दिला होता, वर 'करकर तेवढी राहू दे' म्हणून सांगितलं होतं! मी तिथंच उंबऱ्यावर बसले. कसं सांगायचं हिला... सांगितलं तेव्हा तिनं माझ्यावरच डोळे वटारले. "माझा भाऊ हाय तो," म्हणाली.

दार नसलेलं घर म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दोघींना मिळून कुठं जाता येत नाही. मामाचं काम सोडून मी दुसरं काम शोधत हिंडायची आणि आई घर राखत बसायची. तिचं देवळात जाणं बंद झालं, बाजार बंद झाला. कुत्री आत यायची, येणारेजाणारे वाकून बघायचे. मालकाला ती जागा रिकामी नकोच होती. मला धडा शिकवायला मामानं स्वतःच्या बहिणीला रस्त्यावर उघडं टाकलं.

भाऊबीजेला तो आला. होय, आला! पाटावर बसला, आईनं ओवाळलं. त्यानं पिशवीतून हिरवी साडी काढली तेव्हा आई म्हणाली, "वसंता, साडी नको. ओवाळणीत माझं दार घाल."

"अगं ताई, सुताराकडं आहे ना. येईल की."

साडी तबकात ठेवून तो लाडू खाऊन गेला. आईनं घडी मोडली आणि ती नवी साडी चौकटीत पडदा म्हणून लावली. थंडी वाढली तशी आम्ही सामान बांधलं आणि सिल्लोडला चुलत्यांकडं गेलो.

मी धंदा सोडला नाही. सिल्लोडहून एसटीनं यायची, कामं शोधायची. राखायला पहिलं घर मिळालं ते मुमताज खालामुळं. आखाती देशात निघालेल्या एका डॉक्टरांना ती म्हणाली होती, "ये लडकी दरवाजा नै निकालती." पुढं मला बरीच घरं मिळाली, आईला घेऊन मी परत शहरात राहायला आले, पण त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालं नाही. मामाला याचं श्रेय देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आईनं मात्र भाऊ सोडला नाही. दर भाऊबीजेला ओवाळायची आणि विचारायची, "दार?" तो म्हणायचा, "सुताराकडं." म्हातारपणी दोघं यावर हसायलाही लागली होती. मी त्या वेळी उठून आत जायची.

तेराव्यानंतर मामीनं मला बोलावलं. "मागची खोली रिकामी करायचीय, तुला यातलं कळतं." खोलीत भिंतीला दारं टेकवून ठेवलेली होती, एकामागं एक, धुळीनं भरलेली. सुताराकडं त्यातलं एकही कधी गेलं नव्हतं. मागच्या बाजूच्या एका दारावर वडिलांच्या नावाची पाटी दिसली. टेम्पो बोलावून मी ते दार घरी आणलं आणि बैठकीत भिंतीला टेकवलं. मामा कसा होता ते आता तरी आईला दिसेल, असं माझ्या मनात होतं. आई काठी टेकत आली. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नाही. तिनं पाटीवरून हात फिरवला, मग कडी चाचपली, आणि तिचा चेहरा उजळला.

"आलं व्हय सुताराकडनं?" ती म्हणाली. "बघ, मी म्हणत नव्हते... वसंता आणून देईल."