पहिल्या घाणीची मूठ

रामकली शाळेत आली तेव्हा मी सातवीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होते. दादाच्या पोहा मिलमध्ये इतकी वर्षं काम करणारी ही बाई शाळेच्या बाजूला कधी फिरकली नव्हती. वर्गाच्या दारात ती उभी राहिली, केसांवर कोंडा तसाच, आणि म्हणाली, "बाई, चला. मालक पोत्यावर बसले होते… उठूनच नाही राह्यले." मी खडू खाली ठेवला आणि मुलींना सांगितलं, "पुढचा उतारा वाचून ठेवा." अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नाही. मी मिलवर पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. भट्टी धडधडत होती, आणि ती विझवायची की नाही हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. या गोष्टीला आता दोन महिने होतील.

मधुकरदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमचं घर गोंदियापलीकडच्या बालाघाटातल्या नोकरदार मराठी घरांपैकी. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, आणि दादाही मॅट्रिक होताच बांधकाम खात्यात चिकटला. चार वर्षांनी एकदा जेवताना त्यानं सांगितलं की राजीनामा दिलाय आणि स्टेशनामागची बंद पडलेली पोहा मिल घेतलीय. वडील ताटावरून उठले. "कारकुनाच्या पोटी भडभुंजा निघाला," असं ते पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मी कॉलेजात होते. मलाही लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू? हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे का लागलास, असं विचारलं तेव्हा दादा म्हणाला होता, "मालू, मी रस्त्याचं माप घ्यायले गेलतो किरनापूरकडे. तिथं एका मिलमध्ये पाणी प्यायले थांबलो. गरम धान चाकाखाली गेलं अन् चपटं पान होऊन बाहेर आलं. मले त्या दिवशी जेवणच नाही सुचलं."

तसं पाहिलं तर पोह्यात आहे काय? जाड गुरमटिया धान कोमट पाण्यात भिजवायचं, निथळायचं, भट्टीवर गरम वाळूत भाजायचं आणि गरम असतानाच लोखंडी चाकाखाली चेपायचं. पण दादाचा एक नेम होता. रोज पहिली घाणी, म्हणजे पोह्यांचा पहिला घाणा, निघाली की तो मूठभर पोहे कोरडेच तोंडात टाकी आणि डोळे मिटून चावत बसे. तेवढा वेळ मिलमध्ये कोणी ब्र काढत नसे. दादाची मान हलली की चाक पुन्हा फिरायचं. नाही हलली, तर ती घाणी गाईम्हशींना, आणि भिजवण्याच्या टाकीपासून सगळं पहिल्यापासून सुरू. दिवाळीच्या गर्दीतसुद्धा हीच तऱ्हा. स्टेशनामागच्या गाई दादाच्या जिवावर माजल्यात, असं आम्ही त्याला चिडवत असू. तोही हसायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग वाईट वर्षं आली. गुरमटिया उशिरा पिकणारं धान, त्याला शेवटपर्यंत पाणी लागतं. पावसानं लागोपाठ ओढ दिली आणि लवकर येणारं नवं बियाणं गावोगाव पोचलं. शेतकरी तिकडे वळले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण नव्या धानाचे पोहे चाकाखाली अर्धे मोडत आणि पाणी लागताच त्यांचा लगदा होई. बाकीच्या मिलवाल्यांनी काही दिवस कुरकुर केली आणि ते चालवून घेतलं. दादा मात्र लुनावर बसून लालबर्रा, किरनापूर, पार लांजीपर्यंत भटकायचा आणि बांधावर उभा राहून लोकांना हात जोडायचा, की माझ्यासाठी थोडं तरी जुनं धान लावा. किरनापूरचा धनलाल नावाचा एक शेतकरी तेवढा त्याच्यासाठी दरसाल थोडं लावत राहिला. मिल आठवड्यातून तीन दिवस चालू लागली. मजूर गेले, एकटी रामकली राहिली. वहिनीनं शिवणकाम सुरू केलं. मी तर दिसला की त्याला फैलावर घ्यायची. "दादा, काहून जीव जाळून घेऊन राह्यला? लोकाइले पोहे पाहिजे, तुझी मान हलली का नाही ते कोण पाह्यते?" तो शांतपणे म्हणायचा, "माणूस विसरते मालू, जीभ नाही विसरत. ज्यानं एकदा हे पोहे खाल्ले त्याले बरोबर समजते." आणि खरं सांगू का… त्या तंगीच्या वर्षांत मी त्याला एकदाही उदास पाहिलं नाही. उदास आम्ही होतो. तो सकाळी सहाला शीळ घालत मिलवर जायचा.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, दादाला कावीळ झाली. वहिनी त्याला नागपूरला घेऊन गेली. महिनाभर तो तिकडेच. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मिल मी बघते म्हटलं. कोणी सांगितलं नव्हतं, माझी हौस. गोंदियाच्या व्यापाऱ्याचा चिवड्यासाठी मोठा माल जायचा होता, आणि कोठारात पाहते तो गुरमटिया संपत आलेलं. बाजारात नवं धान ढिगानं पडलेलं. रामकली म्हणाली, "बाई, मालक असते तं नाही म्हणले असते." मी म्हटलं, "मालक इथं नाहीत." बाहेरून चार बायका बोलावल्या, नवं धान भिजवलं आणि दादाच्या निळ्या छापाच्या पोत्यांत भरून छोट्या गाडीनं माल रवाना केला. मला इतका अभिमान वाटला होता! घर वाचवलं, असं वाटलं होतं.

दादा परत आला आणि दुसऱ्याच दिवशी, अंगात त्राण नसताना, मिलवर गेला. मी सोबत होते. नव्या धानाची पहिली घाणी निघाली, त्यानं मूठ तोंडात टाकली, डोळे मिटले. मला राहवेना. मी तेवढ्यात सुरू केलं, "दादा, दिवाळीचा सगळा माल याच धानाचा, अन् वेळेवर गेला. गोंदियाच्या शेठनं आणखी मागितला. अन् एकानंही तक्रार नाही केली."

त्यानं डोळे उघडले. "एकानंही नाही?"

"एकानंही नाही."

"शेठनं?"

"त्यानं तं चिठ्ठी पाठवली. माल नेहमीसारखाच आहे म्हणून."

दादा तोंडातला घास गिळून म्हणाला, "हौ… मग चालतील."

तो ओरडला असता तर मी भांडले असते. भांडणात आम्ही दोघंही पटाईत. पण तो ओरडला नाही, आणि मी मूर्ख, खूश होऊन घरी गेले. दादा शहाणा झाला, असं मी वहिनीला सांगितलं. मिल आठवड्याचे सहा दिवस चालू लागली. गाडी रुळावर आली, असं सगळे म्हणाले. वहिनीचं शिवणयंत्र बंद झालं. दादा वेळेवर जाई, वेळेवर येई, कोणाशी वाद नाही, बांधाबांधावर फिरणं नाही. काही विचारलं की म्हणे, "ठीक आहे." पहिल्या घाणीची मूठ त्यानं त्या दिवसानंतर कधी तोंडात टाकली नाही, हे मला रामकलीनं तेरवीच्या दिवशी सांगितलं. घरीही त्यानं पोहे सोडले होते, पोटाला मानवत नाहीत म्हणायचा, हे वहिनीनं त्याच दिवशी सांगितलं. इतकी वर्षं मुलींना वाचायला शिकवते, आणि सख्खा भाऊ मला वाचता आला नाही. मला त्याचाही राग येतो. एक शब्द बोलला असता! पण बोलून तरी काय… त्याची चूक मी दाखवली नव्हती. मी त्याला एवढंच दाखवलं होतं की कोणाला काही कळत नाही.

गेल्या आठवड्यात मिल रिकामी करायला घेतली. भाड्यानं द्यायची आहे. कोठाराच्या आढ्याला तणसाच्या वेठीनं, म्हणजे पेंढ्याच्या दोरानं, गच्च बांधलेलं एक गाठोडं टांगलेलं दिसलं. उतरवून सोडलं तर आत धान, एकेक दाणा निवडलेला. रामकली म्हणाली, "ते गुरमटियाचं बी होय, बाई. धनलाल आणून देत होता, मालक निवडून बांधून ठेवत. रोहिणी लागली का त्याले वापस नेऊन देत, पेरायले. मालक नागपूरहून आले त्या साली धनलालनं आणून टाकलं, मालकानं बांधूनही ठेवलं. पण मग काढलंच नाही."

मी गाठोडं घेऊन किरनापूरची बस धरली. धनलाल अंगणातच होता. त्यानं दाणे तळहातावर घेतले, एक दातांनी फोडून पाहिला. "भाऊसाहेबाची वाट पाह्यली मी रोहिणीभर," तो म्हणाला. "आले नाही तं नवंच पेरलं. आता माझ्याकडे गुरमटियाचा दाणा नाही, अन् गावातही नाही कोणाजवळ." त्यानं मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधले आणि कोपऱ्यातल्या भांड्यात ठेवले. "तीन दिवसानं या, बाई."

रविवारी पुन्हा गेले. त्यानं माझ्यासमोर फडकं सोडलं. दाणे फुगले होते, त्यांना आंबूस वास येत होता. एकालाही मोड नव्हता. धनलालनं बोटानं ते चाळवले, तळापर्यंत पाहिलं. "मागच्या साली आणलं असतं तं आधं-मुधं उगवलं असतं," तो म्हणाला.

मागच्या साली या दिवसांत दादा रोज वेळेवर मिलवर जात होता, वेळेवर घरी येत होता, आणि मी भेटेल त्याला सांगत होते की आता त्याचं छान चाललंय.