दोघींनी आखलेला प्रवास

बहारीनमधल्या बुसैतीनच्या आमच्या इमारतीत तिला सगळे सिस्टर म्हणायचे. वॉचमन म्हणायचा, तळमजल्यावरची बहारीनी आजी म्हणायची, आणि मीही म्हणायचे. ती वसईची. इथल्या एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होती. नवरा आणि मुलगा वसईला, आणि ती चोवीस वर्षं आमच्या वरच्या मजल्यावर एकटी. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, तरी आमचं अगंतुगं होतं. ती मला 'बाय' म्हणायची. तिच्या घरी नवऱ्याशी फोनवर बोलताना ती जी भाषा बोलायची ती मला अर्धीच कळायची. मी पुण्याची.

माझा नवरा बँकेत. सुट्टी म्हणजे घरी पडदे ओढून झोपणं, अशी त्याची पक्की समजूत. मुलगी शिकायला कॅनडात गेली, आणि मी तुबलीतल्या एका गॅरेजच्या ऑफिसात गाड्यांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी बघायला लागले. दिवस बरे जायचे. शुक्रवारची सुट्टी मात्र जाता जात नसे.

अशाच एका शुक्रवारी सिस्टर चर्चमधून परस्पर माझ्याकडे चहाला आली आणि म्हणाली, "बाय, मला एकदा लूर्दला जायचंय. लूर्दमातेच्या गुहेपाशी. पेशंटना घेऊन जातात ना लोक तिथे, ते मला बघायचंय."

मी म्हटलं, "मला स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या तळ्याकाठी बाकावर बसायचंय. काहीही न करता. अख्खा दिवस."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग जाऊ की दोघी," ती म्हणाली.

त्या 'जाऊ की'ला तीन वर्षं लागली. कधी तिची रजा मंजूर व्हायची नाही, कधी माझ्या सासऱ्यांचं आजारपण, कधी नुसतंच घाबरणं. पण शुक्रवारचं आखणं थांबलं नाही. सिस्टर हॉस्पिटलातून ड्यूटी चार्टचे कोरे कागद आणायची. पट्टी घेऊन त्यावर पेन्सिलीने आमचा युरोप मांडायची. वर तारखांऐवजी गावं: पॅरिस, लूर्द, माझ्या तळ्यासाठी माँत्रो. खाली सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक चौकोनात तिचं बारीक, गोल अक्षर. मध्येच एखाद्या चौकोनात 'ऑफ' लिहिलेलं असे. मी विचारलं, सहलीत ऑफ कशाला? तर म्हणाली, "पाय दुखतात गं. पेशंटला विश्रांती लागते, तशी फिरणाऱ्यालाही लागते."

आम्ही सारखेच बूट घेतले. ते पायात बसावेत म्हणून संध्याकाळी समुद्राकडेच्या फरसबंदीवरून चालायला लागलो. उकाड्याने जीव नकोसा व्हायचा. ती चालता चालता मोबाइलवरून फ्रेंच शिकायची आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या पेशंटना बोंजूर म्हणायची. एका म्हाताऱ्याला वाटलं, हे कुठल्या तरी नव्या औषधाचं नाव आहे. हे सांगताना ती इतकी हसली की कठड्याला धरून उभी राहिली.

शेवटी एका वसंतात सगळं जमलं. दोघींच्या रजा ठरल्या, आणि व्हिसा सेंटरची एकाच दिवशी, लागोपाठ वेळ मिळाली. माझे बोटांचे ठसे दोन मिनिटांत झाले. तिचे उमटेनात. काउंटरवरच्या मुलीने तिची बोटं पुसली, क्रीम लावलं, पुन्हा दाबायला सांगितलं.

"धुऊन धुऊन गेलेत," सिस्टर तिला हिंदीत म्हणाली. "नर्स आहे मी."

पाचव्या खेपेला मशीनने मानलं.

दोन आठवड्यांनी पासपोर्ट आणायलाही आम्ही बरोबरच गेलो. माझ्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. तिच्या पासपोर्टात घडी घातलेला कागद होता. तिने तो तिथे उघडला नाही. गाडीत बसल्यावर, एसी सुरू केल्यावर, तिने तो माझ्या मांडीवर ठेवला. नकार. तिच्या इथल्या राहण्याच्या परवान्याची मुदत प्रवासानंतर पुरेशी उरत नव्हती.

"रिन्यू होईल ना तो? नेहमी होतो," मी म्हटलं.

"या वेळी नाही. साठ झाली मला. हॉस्पिटलने सांगितलंय, आता बास."

"म्हणजे?"

"म्हणजे वसई."

चोवीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाचं जाणं पार्किंगमध्ये, सीटबेल्ट लावता लावता सांगितलं जातं. मी म्हटलं, "मग मीपण नाही जात."

"वेडी आहेस का?" ती एकदम ओरडली. असं ती कधी ओरडत नसे. मग शांत होऊन म्हणाली, "यल्ला, गाडी काढ. मागे माणूस थांबलाय."

त्या शुक्रवारी ती नेहमीसारखी आली, ड्यूटी चार्ट घेऊन. माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने खोडरबराने आपलं नाव पुसलं. चौकोन एकेक करून पुन्हा भरले. दोघींच्या खोलीच्या जागी एकीची खोली. लूर्दचे दोन दिवस ती काढून टाकेल असं मला वाटलं होतं. मी तशी नावापुरतीच देव मानणारी, तेही आमच्या पद्धतीने. पण ते दोन दिवस तिने ठेवले. वर एक यादी दिली. अकरा मेणबत्त्या. पहिली नवऱ्याच्या पाठीसाठी, दुसरी मुलासाठी, बाकीच्या वॉर्डातल्या पेशंटसाठी. त्यातले तीन मुसलमान होते.

"त्यांना चालेल?" मी विचारलं.

"मी त्यांना विचारूनच लिहिलंय," ती म्हणाली.

मी गेले. एकटी विमानात बसायची ती माझी पहिलीच वेळ. पॅरिसला पहिल्या दिवशी मेट्रोत उलट्या दिशेच्या गाडीत बसले आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले, कारण उतरून कुणाला विचारायचा धीर होईना. दुसऱ्या दिवशी नदीकाठी बसून गरम पाव आणि चीज खाल्लं आणि मला ते फार आवडलं. तिसऱ्या दिवशी बागेत एक बाई आपल्या कुत्र्याला दमदाटी करत होती, अगदी पुण्यातल्या एखाद्या काकूंच्या थाटात. मी हसून सांगायला डावीकडे वळले. डावीकडे कुणी नव्हतं. चालताना सिस्टर नेहमी माझ्या डावीकडे असायची. उजव्या कानाने तिला जास्त चांगलं ऐकू यायचं.

तिथून पाच तासांची आगगाडी, आणि लूर्द. मला वाटलं होतं मला तिथे परकं वाटेल. तसं वाटायला वेळच मिळाला नाही. गुहेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजाऱ्यांना बसवलेल्या निळ्या गाड्यांची रांग होती. माणसं त्या पुढून ओढत होती. शेजारून पांढऱ्या कपड्यातल्या नर्सबाया चालल्या होत्या. त्यातल्या एका वयस्क बाईने वाकून एका म्हाताऱ्याची शाल गळ्याशी सारखी केली, आणि तिचा हात क्षणभर त्याच्या छातीवर राहिला, श्वास मोजावा तसा. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. तिथे कुणी वळून बघत नाही. बरेच जण रडतच असतात.

अकरा मेणबत्त्या लावल्या. कुणाची कुठली ते मनात म्हणत. मग तिला व्हिडिओ कॉल केला.

तिच्या मागे भिंत मोकळी दिसली. कॅलेंडर नव्हतं, फोटो नव्हते. ती पलंगावर खोक्यांच्या मधोमध बसली होती.

"हे काय? अजून महिना आहे ना तुला?"

"नवीन सिस्टर आली जॉइन व्हायला. ऑफिसने माझं आवरलं. गुरुवारचं तिकीट आहे."

मी रविवारी पोहोचणार होते.

"तीन दिवस थांब ना गं."

"इथला व्हिसा कॅन्सल केला त्यांनी. घराची चावी द्यायचीय. तिकीट त्यांनी काढलंय. खलास."

"मग मी येते. उद्याच निघते."

"आलीस तर दार उघडणार नाही," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "बाय, रडू नको. मला गुहा दाखव आधी."

मी फोन फिरवला. खडक, वेलीच्या पानांमधली ती पांढरी मूर्ती, मेणबत्त्यांच्या ज्वाळा, हळूहळू पुढे सरकणारी रांग. माणसं खडकाला हात लावत पुढे जात होती. मीही रांगेत शिरले आणि फोन उंच धरून पुढे गेले. खडक ओला आणि गुळगुळीत होता. मी त्यावर हात ठेवला तेव्हा तिने तिकडे क्रूसाची खूण केली. रांग पुढे ढकलत होती, मी बाहेर आले, आणि फोनमध्ये पाहिलं तर तिचा चेहरा दोन्ही तळव्यांमागे होता.

गुरुवारी मी माँत्रोला होते. तळं होतं, बाक होता, समोरच्या डोंगरांवर बर्फ होतं. पांढरी आगबोट धक्क्याला लागत होती आणि सुटत होती. मी घड्याळ बघत होते. आता ती चावी देत असेल. आता वॉचमन खोकी खाली नेत असेल. आता तळमजल्यावरची आजी तिच्या गालांचे मुके घेत असेल. आता विमानतळ, तो तर आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. किती जणांना आम्ही दोघी तिथे सोडून आलो होतो, आणि परत येताना गाडीत काहीबाही बोलत राहिलो होतो. तिला सोडायला माझा नवरा गेला होता. त्याचा मेसेज आला: 'गेली. व्यवस्थित.'

मी खूप वेळ तशीच बसले. आणि मग माझ्या लक्षात आलं की गेला तासभर मी घड्याळ पाहिलेलं नाही. मी पाण्याकडे बघत होते. एका बदकामागे पिल्लं चालली होती, ती मी मोजत होते. ऊन छान होतं. मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचा मला पुढे कित्येक दिवस राग येत राहिला.

परत आले तेव्हा वरच्या मजल्याचं दार उघडं होतं आणि आत रंगाचं काम चाललं होतं. माझ्या दाराशी तिच्या कढीपत्त्याची कुंडी होती. आठवड्याने एक फिलिपिनो जोडपं वर राहायला आलं. चांगली माणसं आहेत.

सिस्टरचा फोन सुरुवातीला रोज यायचा, मग आठवड्याने. अशाच एका फोनवर मी म्हटलं, "नोकरी संपणार हे तुला महिनाभर आधी कळलं असतं तर आपण तारखा अलीकडे घेतल्या असत्या."

मग ती म्हणाली, "कळलं होतं मला. फॉर्म भरायच्या आधीच कळलं होतं."

"आणि तरी तू फॉर्म भरलास? ठसे दिलेस?"

"थोडी आशा होती. कधी कधी देतात. आणि मी नाही म्हटलं असतं तर तू भरला असतास का?"

मला तिचे आभार मानायला हवे होते. मी फोन ठेवून दिला. मला भयंकर राग आला होता. तीन वर्षं शुक्रवारी टेबलावर समोर बसून आखलेल्या गोष्टीत तिने एकटीने एक निर्णय घेतला, आणि मला सांगितलाही नाही. दोन दिवसांनी मीच फोन केला. तो विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही.

जानेवारीत पुण्याला गेले तेव्हा एक दिवस काढून वसईला गेले. घर तिच्या बहारीनमधल्या घरापेक्षा कितीतरी मोठं. मागे विहीर, केळी. ती अंगणात उभी होती, गाउनवर ओढणी घेतलेली. बहारीनमध्ये मी तिला युनिफॉर्ममध्ये नाहीतर चर्चच्या साडीत पाहिलेली. नवरा पाठीला पट्टा बांधून खुर्चीत बसला होता. सून कामावर गेलेली, नातू सिस्टरच्या कडेवर. पाठीसाठी लावलेल्या मेणबत्तीचं मी सांगितलं तर नवरा हसला आणि म्हणाला, "म्हणूनच जरा बसता येतंय."

जेवण झाल्यावर मी फोनमधले फोटो काढले. पॅरिस तिने नीट पाहिलं. लूर्दचे फोटो मोठे करकरून पाहिले. मग नातू रडला, तिकडे दूधवाला आला, नवऱ्याच्या गोळीची वेळ झाली. ती उठली, आली, पुन्हा उठली. तळ्याच्या फोटोंपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही.

निघताना ती रिक्षापर्यंत आली. मी विचारलं, "सिस्टर, करमतं का गं?"

"इथे मला कुणी सिस्टर म्हणत नाही," ती म्हणाली. "सगळे आई म्हणतात, नाहीतर आजी. चांगलंच आहे ते." तिने माझा हात हातात घेतला. तिच्या बोटांना लसणाचा वास येत होता. "पुढच्या वर्षी कुठे जाशील?"

"बघू."

"बघू नको. जा."

रिक्षावाल्याने रिक्षा सुरू केली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ती नातवाला हात हलवायला शिकवत होती, आणि तो माझ्याकडे नाही, तिच्याकडेच बघत होता.